दमाची जागा

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. तेवढं कबूल करा ना, बाई."

आवडाबाई मोटारीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्ता एकच गाडी जाईल एवढा. दोन्ही अंगांना उंच झुडपांचं कुंपण, आणि कुंपणात मधेच फट पडली की लांबवर हिरवं कुरण.

"काहीतरी बोला."

"मेंढ्यांची लोकर कातरलीय वाटतं," बाई म्हणाल्या. "केवढ्याशा दिसतात बघ."

उन्मेषने तोंड फिरवलं. गाडी चालवणाऱ्या नाडगौडा डॉक्टरांनी आरशातून एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्यावर नजर लावली.

उन्मेष खासगीवाले इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून पुण्याहून बेळगावला बाईंकडे गाणं शिकायला गेला, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आता कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस दिसू लागला होता. गळा तयार, सूर पक्का. कान असा की रेडिओवर कुणाचा स्वर कणभर उतरला तरी हा घास हातात धरून थांबायचा. बाईंना त्याच्या कानाचं कौतुक होतं. त्यालाही होतं. जरा जास्तच.

बाई मूळच्या गोव्याच्या, पैंगीणच्या. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी पुंडलीकबुवांसमोर बसून त्या ज्या बंदिशी शिकल्या, त्या आता दुसऱ्या कुणापाशी नव्हत्या. बाकीचे शिष्य कुणी नोकरीत गेले, कुणी संसारात, कुणी देवाघरी. उरला होता उन्मेष.

इंग्लंडच्या या दौऱ्यात बाईंच्या मागे बसून तो गात होता. रविवारी दुपारचा कार्यक्रम शेवटचा. त्यात मुलतानी. आणि मुलतानीत ती बंदिश.

तिच्या अंतऱ्याची ओळ होती, 'बिसर गयो पथ, सुध रही घर की'. बाई 'सुध' म्हणून थांबत. एवढासाच थांबा. मग 'रही घर की' म्हणत समेवर येत. त्या थांब्यासाठी जाणकार लांबून येऊन बसायचे. कुणी त्याला घराण्याची जागा म्हणायचे, कुणी तिच्यावर लेख लिहिले होते. ती जागा गळ्यात बसवायला उन्मेषने एक अख्खा पावसाळा घालवला होता.

आणि परवा लंडनमध्ये एका पारशी गृहस्थाच्या घरी, जुन्या तबकड्यांच्या साठ्यात, पुंडलीकबुवांची तबकडी निघाली. तीच बंदिश. अशी तबकडी आहे हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

उन्मेष एकटाच गेला होता ऐकायला.

बुवा थांबत नव्हते. सगळी ओळ एका दमात, पन्हळीतून पाणी यावं तशी.

त्याने ते फोनवर उतरवून घेतलं, परत आला आणि बाईंना सांगितलं. "असं होय," असं म्हणून बाईंनी चहा मागितला. फोनला हात लावला नाही.

त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. ज्याच्यासाठी त्याने घर सोडलं, वडिलांशी अबोला धरला, ते मुळातच बिघडलेलं निघालं, असं त्याला वाटत होतं. पारशी गृहस्थ त्याला म्हणाले होते, इथंच राहा, तबकड्या ऐक, अस्सल जसं होतं तसं गा, आपण सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवू. उन्मेषने तेही बाईंना सांगून टाकलं होतं. रविवारी गाईन तर तबकडीप्रमाणे, नाहीतर गाणार नाही. पुढचं रविवारनंतर बघू.

बाईंनी त्याला राहा म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही.

सगळे उतरले होते त्या डॉक्टरांच्या घरातली हवा जड झाली होती. साथीदार जेवून आडवे झाले, तेव्हा डॉक्टरांनीच बेत काढला. त्या या भागात पंचवीस-तीस वर्षं राहत होत्या. आसपास फार जुन्या जागा आहेत, म्हणाल्या, चला, दाखवते.

पहिल्यांदा त्या दोघांना एका कुरणात घेऊन गेल्या. तिथं पुरुषभर उंचीचे दगड रिंगण करून उभे होते. कुणी उभे केले, कशासाठी, कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. राजेरजवाडे झाले नव्हते, लिहिणं-वाचणं आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्यातला एक दगड मात्र मधे बरीच वर्षं आडवा पडलेला होता. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या जमीनदाराने तो पुन्हा उभा केला. उलटा केला असंही म्हणतात.

"मग तो यातला धरता येणार नाही," उन्मेष म्हणाला.

त्याने सगळ्या दगडांचे फोटो काढले. तो एक सोडून.

बाई मात्र पाय दुखले म्हणून नेमक्या त्याच दगडाला टेकून उभ्या राहिल्या. तिथं ऊन येत होतं.

दुसरी जागा म्हणजे गवताने झाकलेला मातीचा लांबट उंचवटा. आत दगडी खोली, पूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी बांधलेली. दार इतकं ठेंगणं की वाकून, जवळजवळ रांगत जावं लागे. डॉक्टर नको नको म्हणत असताना बाई पदर खोचून आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून षड्ज ऐकू आला.

उन्मेष बाहेर उभा होता. दगडांनी तो सूर उचलून धरला होता. मधेच बाईंचा श्वास संपला. सूर तुटला... आणि पुन्हा लागला.

तो आत गेला नाही.

दुपार कलता कलता ते ऑल्डरकोम नावाच्या गावाजवळच्या टेकडीवर पोचले. या टेकडीच्या उतरणीवर एक घोडा होता. गवत आणि माती खरवडून खालचा पांढरा खडू उघडा केलेला, शंभर पावलं तरी लांब. तोही त्या दगडांसारखाच जुना, कुणी काढला हे न कळण्याइतका. वर पोचल्यावर मात्र घोडा दिसेना. नुसत्या पांढऱ्या पायवाटा इकडून तिकडे वळलेल्या. एवढ्या जवळून तो कुणालाच दिसत नाही, डॉक्टर म्हणाल्या.

आणि त्या पायवाटांवर माणसं गुडघे टेकून बसली होती. म्हातारी, तरुण, एक पाळण्यातलं बाळसुद्धा. सगळ्यांच्या हातात हातोड्या. ठक ठक ठक ठक.

योगायोगाने गावाचा घोडा धुवायचा दिवस होता.

हॅरिएट नावाच्या एक निवृत्त शिक्षिका या कामावर देखरेख करत होत्या. गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या, नाकाच्या शेंड्यावर खडूची भुकटी. डॉक्टरांच्या त्या ओळखीच्या निघाल्या. त्यांनी सगळं समजावलं. कडेचं गवत खुरप्याने मागे सारायचं, तण उपटायचं, ताज्या खडूची ढेकळं बादलीतून ओतायची आणि ठोकून त्यांचा लगदा करायचा. हे दर उन्हाळ्यात करावं लागतं. काही वर्षं हात लावला नाही, तर गवत दोन्हीकडून येऊन मिळतं आणि घोडा जातो.

डॉक्टरांनी भाषांतर करायच्या आतच बाईंनी हातोडी मागून घेतली आणि लुगड्याचा घोळ आवरून खाली बसल्या.

मग उन्मेषला उभं राहता येईना. हॅरिएटबाईंनी त्याला मागच्या पायाशी बसवलं. तिथं माणूस कमी होता.

ठोकता ठोकता त्याला त्या पायाची गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धात वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून गावकऱ्यांनी घोडा गवताने झाकून टाकला होता. युद्ध संपल्यावर उघडायला गेले, तर बाकी सगळा सापडला, हा पाय सापडेना. तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याने आठवणीने काठी फिरवली आणि लोकांनी तिथं खणलं. पुढे कधीतरी तज्ज्ञ मंडळी आली. त्यांना जुना पाय हातभर खाली, मातीत मिळाला.

उन्मेषचा हात थांबला.

"म्हणजे हा पाय खोटा आहे. मग तुम्ही हाच का ठोकता?"

डॉक्टरांनी ते इंग्रजीतून विचारलं. हॅरिएटबाई हसल्या. त्यावर गावात पुष्कळ सभा झाल्या, त्यांनी सांगितलं. अर्धे म्हणाले जुना उघडा, अर्धे म्हणाले हा राहू दे. भांडण मिटेना, आणि तोवर याच्यावर तण माजायला लागलं... म्हणून मग उन्हाळ्यात येऊन हाच साफ केला. त्यांच्या आईनेही हाच ठोकला होता.

"पण बरोबर कुठला?"

हॅरिएटबाईंना प्रश्न नीट कळला नसावा. त्यांनी त्याच्या बादलीत आणखी खडू ओतला.

चहाची वेळ झाली. सगळे जिथल्या तिथे गवतावर टेकले. बाईंच्या हातांना, लुगड्याला, चष्म्यालाही पांढरं लागलं होतं.

"आण तो फोन," त्या म्हणाल्या.

उन्मेषने बुवांचं गाणं लावलं आणि फोन दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. आधी खरखर. मग आवाज.

तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आता कळेल, त्याला वाटलं.

गाणं संपलं.

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"हे बुवा मी पाहिलेच नाहीत रे."

"म्हणजे?"

"मी शिकायला गेले तेव्हा त्यांचे दात पडले होते. छाती वाजायची. जिना चढून आले की घटकाभर नुसते बसून राहायचे..." त्यांनी फोनवरून बोट फिरवलं. "हा केवढा तरणा आहे. तुझ्याहूनही लहान असेल."

उन्मेषने फोनकडे पाहिलं.

"मग तो थांबा..."

"तिथं दम लागायचा त्यांना."

"दम? नुसता दम?"

"ते थांबले, मी थांबले. मी पोर. मला वाटलं, असंच आहे."

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"आत्ता. तुझ्यामुळे."

उतारावर वारा सुटला होता. कुणाचंतरी बाळ रडत होतं, त्याची आई त्याला कडेवर घेऊन पांढऱ्या रेघेवरून फिरवत होती.

उन्मेषला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटेना. एक अख्खा पावसाळा आपण एका म्हाताऱ्याचा दमा गळ्यात बसवत होतो, हे मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"लोकांनी लेख लिहिलेत त्यावर, बाई."

"वाचलेत मी. बरे होते."

"मग काढून टाकू तो?"

"काढ."

त्याला वाटलं, पुढे काही येईल. आलं नाही.

"उद्या मी तबकडीसारखं गाईन."

"गा."

"तुम्हाला चालेल?"

"आत्ताच म्हण ना. बुवा जवान असताना कसं होतं, ते समोर बसून ऐकते."

उन्मेषने गळा साफ केला. तानपुरा नव्हता. बाईंनी हातोडी उचलली आणि समोरच्या ढेकळावर हलकी लय धरली. त्याने अस्थाई म्हटली, अंतऱ्याला हात घातला आणि सगळी ओळ एका दमात, पाण्यासारखी, समेवर आणून सोडली. कुठे कण इकडचा तिकडे झाला नाही. आसपासचे लोक चहाचे पेले हातात धरून ऐकत राहिले.

बाईंचे डोळे मिटलेले होते. गालावरच्या खडूतून एक ओली रेघ खाली आली होती.

"छान," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच."

आता काही वाद उरला नव्हता. उन्मेष तिथंच बसून राहिला. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि हात रिकामे वाटत होते.

"बाई, तुम्ही कसं गाल उद्या?"

"मला दम लागतो रे," त्या म्हणाल्या. "मी थांबणारच."

नंतर तो पुन्हा त्या पायाशी जाऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं. ठोकताना तो विचार करत होता, या पायाखाली हातभर अंतरावर दुसरा पाय आहे. कदाचित त्याच्याखाली तिसरा. तेव्हा तो ठोकायला बसलेल्या माणसाच्या आईनेही कुणाचं तरी बघूनच हातोडी मारली असेल. मग विचार करायचं सुटलं. नुसतं ठक ठक राहिलं. भुकटीचा लगदा झाला, लगदा कडेपर्यंत भरला, आणि त्याच्या हातांना फोड आले.

निघताना गाडी खालच्या खोऱ्यात उतरली, वळली, आणि डॉक्टरांनी ती कडेला थांबवली. समोर सबंध टेकडी होती.

उन्मेषने मागचा पाय शोधला. सापडायला वेळ लागला, कारण घोडा धावत होता.

रविवारचा कार्यक्रम एका जुन्या कोठारात होता. पूर्वी इथल्या मठाचं धान्य साठवायचे तिथं. जहाज उलटं करून ठेवावं तशी लाकडी तुळयांची आढी, आणि फटींमधून येणारं दुपारचं ऊन. शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. लंडनहून पारशी गृहस्थही आले होते, पहिल्या रांगेत.

बाईंनी मुलतानी लावला. आवाज थकलेला होता, पण निषादावर त्या ज्या थांबल्या त्याने खुर्च्यांची कुरकुर बंद झाली. अस्थाई रंगली. अंतऱ्याशी आल्यावर त्यांची छाती भरून आली. त्यांनी डावा हात जरासा उचलला. तू घे.

उन्मेषने घेतला.

त्याच्या मनात पक्कं होतं. एक ओळ, एक दम.

"बिसर गयो..."

आणि तो थांबला.

का, ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. दम संपला नव्हता. शब्द आठवत होते. पण 'गयो'चा सूर कोठाराच्या आढ्यात जो चढला, तो खाली येईपर्यंत त्याला पुढचा शब्द टाकवेना. तबलजीने मान वर केली. तानपुरा चालू होता. ही बुवांची जागा नव्हती, बाईंचीही नव्हती. इथं कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

तो तिथंच राहिला. पळून पुढे गेला नाही, हेही त्याला नंतर जाणवलं.

मग 'पथ' आपोआप गळ्यातून सुटला, त्याच्यामागे 'सुध रही घर की' गेलं, आणि सम आली, जरा हळू पाऊल टाकत.

मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच वा म्हटलं. बाईंनी म्हटलं नाही. त्या वळून त्याच्याकडे बघत होत्या. तानपुऱ्यावरची त्यांची बोटं तेवढी चालू होती.

कार्यक्रम संपला. भेटणाऱ्यांची गर्दी झाली. डॉक्टर सगळ्यांना चहाकडे घेऊन गेल्या. पारशी गृहस्थांनी उन्मेषचा हात हातात घेतला, काहीतरी विचारणार होते, त्याच्या चेहऱ्याकडे बघून नुसता हात दाबून निघून गेले.

मंचामागे, जादाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या खोलीत, बाई तानपुऱ्याला गवसणी चढवत होत्या.

उन्मेष दारातच उभा राहिला.

"बाई, चुकलो."

बाई गवसणी चढवतच राहिल्या.

"तबकडीत नाही ते. तुमच्याकडचंही नाही. माझ्या हातून कसं झालं, कळत नाही. माफ करा मला. पुन्हा होणार नाही."

बाईंचे हात थांबले. अर्धी चढवलेली गवसणी त्यांनी परत खाली ओढली, तानपुरा मांडीवर घेतला आणि जोडीची तार छेडली. सुरात होती.

"खाली बस," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्या समोर, नेहमीच्या जागी, मांडी घालून बसला.

"अरे, तिथं नव्हे. इकडे ये, माझ्या शेजारी."

तो सरकला.

"हं. आता पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. "जरा सावकाश... मला बसवून घ्यायचंय."